एकच सही, चार वर्षांचा खर्च : फिल्म स्कूलच्या अर्ली डिसिजनची झाडाझडती, कोल्हापुरातून

ईडी म्हटलं की आपल्याकडं आधी छापे आठवतात. अमेरिकन विद्यापीठांची ईडी वेगळी, पण घरच्यांना घाम फोडायची ताकद तिच्यातही आहे. पूर्ण नाव अर्ली डिसिजन. बारावीच्या वर्षात, बहुतेक ठिकाणी १ नोव्हेंबरपर्यंत, एकाच विद्यापीठाला हा अर्ज करायचा आणि लिहून द्यायचं की घेतलंत तर मी येणार. निकाल डिसेंबरच्या मध्याला. प्रवेश मिळाला की बाकी सगळीकडचे अर्ज मागं घ्यायचे. काही ठिकाणी ईडी-२ ही दुसरी फेरी असते. तिची मुदत जानेवारीच्या सुरुवातीला, निकाल फेब्रुवारीच्या मध्याला, अट तीच. करारावर तिघांच्या सह्या लागतात: विद्यार्थी, पालक आणि विद्यार्थ्याच्या ज्युनिअर कॉलेजचा प्रतिनिधी.

शब्द मोडला म्हणून कुणी दारात वसुलीला येत नाही, हे खरं. पण गोष्ट कळली तर दुसरं विद्यापीठही प्रवेश काढून घेऊ शकतं, आणि ज्या कॉलेजनं सही केली त्या कॉलेजच्या पुढच्या मुलांकडं संशयानं बघितलं जाऊ शकतं. म्हणून ही परीक्षणं करताना क्रमवारी, तिथून बाहेर पडलेले दिग्दर्शक, स्टुडिओचे चकचकीत फोटो हे सगळं बाजूला ठेवलंय. प्रश्न एकच धरलाय: भाव कळायच्या आधी या विद्यापीठाला होकार देणं कोल्हापूर भागातल्या घराला परवडतं का?

त्याआधी दोन गैरसमज निकालात काढू. ईडी फक्त बारावीनंतरच्या पदवी प्रवेशासाठी असते. बीए, बीकॉम, इंजिनिअरिंग झाल्यावर एमएफए (कलेतली पदव्युत्तर पदवी) करायला निघालेल्यांचा तिच्याशी संबंध नाही. लॉस एंजेलिसच्या ‘एएफआय’ या फिल्म संस्थेचं नाव बारावीची मुलंही यादीत घालतात, पण तिथं फक्त पदवीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. दुसरा गैरसमज, “ईडी केली की चान्स वाढतो.” ईडीतून प्रवेश मिळालेल्यांची टक्केवारी जास्त दिसते, कारण त्या गर्दीत खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, पूर्ण फी भरणारे असतात. मदत मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला ती टक्केवारी जशीच्या तशी लागू होत नाही. आणि कच्चा पोर्टफोलिओ, म्हणजे अर्जासोबत द्यायचे स्वतःच्या कामाचे नमुने, ईडीनं शिजत नाही.

आधी पैसे

न्यूयॉर्क किंवा लॉस एंजेलिसमधल्या खासगी फिल्म स्कूलचा राहण्याखाण्यासह वर्षाचा खर्च आता ९० हजार डॉलरच्या वर गेलाय. हिशेबाला सोपा म्हणून डॉलर ९० रुपये धरा. वर्षाला ८१ लाख, चार वर्षांचे ३ कोटी २४ लाख. फी दरवर्षी वाढते ती वेगळी, आणि शेवटच्या वर्षाची फिल्म बऱ्याच ठिकाणी विद्यार्थ्यालाच स्वतःचे पैसे घालून करावी लागते, तो खर्च या आकड्यात नाहीच.

पुढं कमाईचं गणित. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर शिकून झाल्यावर ‘ओपीटी’ म्हणून १२ महिने काम करता येतं. इंजिनिअरिंगवाल्यांना आणखी २४ महिने मिळतात ते स्टेम, म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित, या विषयांसाठी. फिल्म प्रॉडक्शनची पदवी सहसा त्यात बसत नाही. त्यामुळं “तिकडं नोकरी करून कर्ज फेडेल” हे वाक्य घरात कुणी म्हणालं, तर त्यांना हा १२ महिन्यांचा आकडा दाखवा. एखाद्या अभ्यासक्रमाचा वर्गीकरणाचा कोड, ज्याला सीआयपी कोड म्हणतात, स्टेममध्ये येतो का हे विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला ईमेल करून विचारता येतं. विचारायला पैसे पडत नाहीत.

परदेशी विद्यार्थ्यांच्या मदतीच्या बाबतीत विद्यापीठांच्या तीन जाती आहेत. काही जण घरच्या परिस्थितीवर एक डॉलरही देत नाहीत, फक्त गुणवत्तेवरच्या शिष्यवृत्त्या देतात. काही थोडंफार देतात. आणि मोजकी अशी, की एकदा घेतलं तर जेवढी गरज ठरेल तेवढी पूर्ण भागवतात; मात्र तुम्ही मदत मागताय हे प्रवेश देतानाच विचारात घेतात. ईडी लावायची जागा या जातीवरून ठरते.

एनवायू, टिश

कोल्हापुरातून सगळ्यात जास्त विचारणा याची. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या टिश स्कूलमधल्या कॅन्बार विभागात फिल्म आणि टेलिव्हिजनची बीएफए ही कलेतली पदवी आहे. ईडी-१ ची मुदत १ नोव्हेंबर, ईडी-२ ची १ जानेवारी, आणि नेहमीच्या फेरीची त्यानंतर चारच दिवसांनी. म्हणजे ईडी-२ आणि साधा अर्ज यांत कामाच्या दृष्टीनं काही फरक पडत नाही. फरक फक्त सहीचा.

टिशमध्ये शैक्षणिक कागद आणि कलेचा पोर्टफोलिओ अशी दुहेरी छाननी होते. गुण उत्तम पण पोर्टफोलिओ पोकळ, किंवा उलटं, दोन्ही प्रकार बाहेर राहतात. टिशमधल्या एकाच विभागाला अर्ज करता येतो, आणि इथं बरेच जण चुकतात. ज्याला लिहायचंय, ज्याच्या वहीत संवाद आणि एकांकिका आहेत, त्यानं ‘ड्रामॅटिक रायटिंग’ विभाग बघावा. तो वेगळा विभाग आहे, त्याचा पोर्टफोलिओही वेगळा. फिल्म विभागच ग्लॅमरचा म्हणून तिथं अर्ज करायचा आणि पोर्टफोलिओत नुसत्या संहिता टाकायच्या, हा ईडीचा डाव स्वतःच्या हातानं घालवण्याचा प्रकार.

शिक्षणाची बाजू भक्कम आहे. ‘साइट अँड साउंड’ नावाच्या वर्गांत छोट्या गटात एकमेकांच्या फिल्मवर आळीपाळीनं कॅमेरा, ध्वनी, दिग्दर्शन करावं लागतं. विद्यार्थ्याच्या फिल्मचे हक्क विद्यार्थ्याकडंच राहतात, ही मोठी गोष्ट. स्टुडिओपेक्षा रस्त्यावर शूटिंग करायची सवय असलेल्याला हे शहर मानवतं.

मदतीसाठी परदेशी विद्यार्थ्यांनाही सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या उत्पन्नाची आणि मालमत्तेची माहिती देणारा ऑनलाइन फॉर्म, भरता येतो. पण किती मिळेल हे प्रवेशाच्या पत्रासोबतच कळतं, आणि तोवर सही झालेली असते. आमचं मत स्पष्ट आहे. घरात ३ कोटींची खरी, लिक्विड तजवीज असेल आणि टिशच पहिली पसंती असेल, तर ईडी लावा, उत्तम जागा आहे. ‘बघू, काहीतरी होईल’ या भरवशावर लावू नका. नेहमीच्या फेरीत अर्ज करा आणि एप्रिलमध्ये बाकीच्यांची पत्रं शेजारी ठेवून ठरवा.

यूएससी आणि यूसीएलए

लॉस एंजेलिसमधल्या या दोन्ही विद्यापीठांत फिल्मसाठी ईडी लावता येत नाही, त्यामुळं इथं परीक्षण लवकर संपतं. यूएससीच्या स्कूल ऑफ सिनेमॅटिक आर्ट्सची मुदत १ डिसेंबर असते. नोव्हेंबरची अर्ली ॲक्शन, म्हणजे येण्याचं बंधन नसलेला लवकरचा अर्ज, पोर्टफोलिओ लागणाऱ्या विभागांसाठी नाही. परदेशी विद्यार्थ्याला गरजेवर आधारित मदत नाही. वर्गात, शाळेच्या साधनांवर बनवलेल्या फिल्मचे हक्क विद्यापीठ स्वतःकडं ठेवतं. महोत्सवांत फिल्म फिरवायचं स्वप्न असेल तर हे कलम आधी वाचा. यूएससीत सिनेमाचं शिक्षण १९२९ साली सुरू झालं. त्याच वर्षी इथं कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली होती, आणि त्याच्याही बरंच आधी बाबूराव पेंटरांनी देशी बनावटीचा कॅमेरा तयार केला होता. सिनेमाच्या इतिहासाबद्दल निबंध लिहिणाऱ्याला घरचा दाखला शोधायला लांब जावं लागत नाही, एवढंच.

यूसीएलएचा अर्ज नोव्हेंबरअखेर, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्वतःच्या पोर्टलवर. सॅट या प्रवेश परीक्षेचे गुण बघत नाहीत. परदेशी विद्यार्थ्याला गरजेवर मदत नाही. फिल्मच्या जागा थोड्या आहेत.

एक सोय मात्र लक्षात घ्या. एनवायूला ईडी करूनही हे दोन्ही अर्ज तयार ठेवता येतात. ईडीत प्रवेश मिळाला तर मागं घ्यायचे.

चॅपमन, एमर्सन, बीयू

चॅपमनच्या डॉज कॉलेजला आपल्याकडं नाव कमी, कामाचा दर्जा चांगला. लॉस एंजेलिसच्या जवळ ऑरेंज गावात आहे. इथं ईडी आणि अर्ली ॲक्शन दोन्हींची मुदत १ नोव्हेंबर. अर्ली ॲक्शनला बंधन नाही. गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीवरच सगळी भिस्त असेल, तर ती किती मिळते हे बघून ठरवायची मोकळीक सोडून ईडी लावायचं कारण आम्हाला दिसत नाही. अर्ली ॲक्शन करा.

बोस्टनच्या एमर्सनलाही तोच न्याय. ईडी आहे, ईडी-२ आहे आणि बिनबंधनाची अर्ली ॲक्शनही आहे. मीडिया आर्ट्स प्रॉडक्शनची पदवी आणि लॉस एंजेलिसमध्ये एक सत्र काढायची सोय ही जमेची बाजू. बीएफएचा मार्ग हवा असेल तर सर्जनशील नमुना लागतो.

बोस्टन विद्यापीठ, बीयू, यांचा फिल्म आणि टेलिव्हिजन अभ्यासक्रम कम्युनिकेशन कॉलेजात आहे आणि प्रवेशाला पोर्टफोलिओ लागत नाही. ज्याच्याकडं गुण आहेत पण दाखवायला फिल्म नाही, त्याच्या उपयोगाचं. त्यापलीकडं ईडी लावण्याएवढं वेगळं काही सापडलं नाही.

वेस्लियन आणि नॉर्थवेस्टर्न

ही दोन नावं कोल्हापुरात फारशी ऐकू येत नाहीत, आणि मदतीशिवाय ज्यांचं जमणारच नाही त्यांनी नेमकी हीच आधी बघावीत. कनेटिकटमधल्या मिडलटाउन या छोट्या गावातलं वेस्लियन हे लिबरल आर्ट्स विद्यापीठ. ईडी-१ ची मुदत १५ नोव्हेंबर, ईडी-२ ची १ जानेवारी. परदेशी विद्यार्थी घेतला की ठरलेली गरज पूर्ण भागवतात. प्रवेशाला पोर्टफोलिओ नाही. सिनेमा हा मुख्य विषय आधी पायाचे वर्ग करून, दुसऱ्या वर्षात घ्यायचा असतो. भर बघण्यावर, फ्रेम उलगडण्यावर, लिहिण्यावर. पहिल्या दिवसापासून हातात कॅमेरा हवा असलेला पोरगा इथं कंटाळेल. ज्यानं चित्रपट बघून वह्या भरल्यात त्याच्यासाठी मात्र सोनं आहे.

शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्नमध्ये रेडिओ, टेलिव्हिजन आणि फिल्म असा एकत्र विषय आहे. ईडी १ नोव्हेंबरला, ईडी-२ नाही. इथंही परदेशी विद्यार्थ्याची गरज भागवतात आणि इथंही मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होतो. ‘स्टुडिओ २२’ ही विद्यार्थ्यांनीच चालवलेली निर्मिती संस्था फिल्मना अनुदान देते. वर्ष तीन-तीन महिन्यांच्या टप्प्यांत चालतं, त्यामुळं आजारी पडून दोन आठवडे गेले की सावरायला वेळ मिळत नाही.

दोन्हीकडं प्रवेश कठीण आहे. पण ईडीतल्या शब्दाला इथं अर्थ आहे: आलो तर पैशाचा प्रश्न सुटलेला असेल, याची बऱ्यापैकी हमी आहे. आणि नाहीच सुटला, तर करारातून सुटायची वाटही आहे. देऊ केलेली मदत पुरत नसल्याचं कागदोपत्री दाखवता आलं तर ईडीतून मोकळं करतात. मात्र अर्जात ‘मदत नको’ अशी खूण केलेल्याला ही वाट राहत नाही. प्रवेशाची शक्यता वाढावी म्हणून ही खूण करा असं सुचवणारे भेटतात. तसं केलं तर पुढच्या चारही वर्षांत मदत मागायचं दार अनेक ठिकाणी बंद होतं.

कागदपत्रं कुठं अडतात

महाराष्ट्र बोर्डाच्या मुलाची खरी अडचण अकरावी. दहावीची दगदग संपली, बारावीची अजून लांब, म्हणून आपल्याकडं अकरावी म्हणजे सुट्टी. अमेरिकन विद्यापीठ नववी ते बारावी अशी चार वर्षं बघतं, आणि १ नोव्हेंबरला त्यांच्यासमोर तुमचं शेवटचं पूर्ण वर्ष अकरावीच असतं. अकरावीला ५५ टक्के आणि “बारावीला ९० पाडतो” हे तोंडी आश्वासन, यावर ईडी-१ टिकत नाही. अशांनी ईडी-२ बघावी. तोवर बारावीच्या पहिल्या सत्राचे गुण जोडता येतात. त्यात एक काटा आहे. ईडी-२ चा निकाल फेब्रुवारीच्या मध्याला लागतो आणि बारावीचे पेपर त्याच सुमारास सुरू होतात. २०२५ मध्ये ते ११ फेब्रुवारीला सुरू झाले होते. निकाल उघडायचं काम त्या दिवसांत पालकांकडं द्यावं.

नववी-दहावीची शाळा वेगळी, ज्युनिअर कॉलेज वेगळं. नववीचं प्रगतिपुस्तक बऱ्याचदा मराठीत असतं. शाळेच्या लेटरहेडवर विषयवार गुणांचा इंग्रजी तक्ता करून मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का घ्या. टक्क्यांचं जीपीएत, म्हणजे अमेरिकन गुणश्रेणीत, रूपांतर स्वतः करू नका, आहेत तसे गुण द्या. दहावीची टक्केवारी ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ची आहे हे एका ओळीत लिहा, नाहीतर सहा विषयांची बेरीज जुळत नाही आणि शंका येते.

कॉमन ॲप, म्हणजे अनेक विद्यापीठांना एकत्र अर्ज करायचं पोर्टल, त्यात ‘काउन्सेलर’ (शाळेतला सल्लागार) लागतो. इथल्या ज्युनिअर कॉलेजात तसं पद सहसा नसतं. प्राचार्य, उपप्राचार्य किंवा वर्गशिक्षक ते काम करू शकतात. त्यांना लिंक ईमेलवर जाते, म्हणून कॉलेजचा अधिकृत ईमेल द्या. ईडी करारावरची सही तेच करतात, तेव्हा हा करार काय आहे ते त्यांना मराठीत अर्धा तास बसून समजावा. कॉलेजची माहिती देणारं एक पान, म्हणजे बोर्ड, शाखा, विद्यार्थिसंख्या, गुणपद्धती, वर्गात क्रमांक देत नसल्याचा उल्लेख, तुम्हीच कच्चं करून द्या. सरांना वेळ नसतो आणि तो अपेक्षूही नये.

सगळ्यात मोठा अडसर दिवाळीचा. २०२४ मध्ये लक्ष्मीपूजन नेमकं १ नोव्हेंबरला होतं: ऑफिस बंद, क्लार्क गावाला, शिक्का कपाटात. २०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे ईडी-१ सुट्टीच्या अलीकडं पडते, पण वेस्लियनची १५ तारीख नेमकी सुट्टीनंतरच्या गोंधळात. कॉलेजकडून जे काही हवं ते घटस्थापनेपर्यंत हातात असलं पाहिजे.

कॉमन ॲपची मुदत अर्जदाराच्या स्थानिक वेळेनुसार रात्री ११:५९ ची असते. पोर्टफोलिओचं पोर्टल आणि मदतीचे फॉर्म तीच वेळ पाळतील असं धरू नका, प्रत्येकाची वेळ वाचा.

सातबारा आणि सीएसएस

शेतकरी घरांतून सीएसएस प्रोफाइल भरताना सगळ्यात जास्त घोळ होतो. फॉर्म १ ऑक्टोबरला उघडतो. पहिल्या विद्यापीठाला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. आकडे रुपयांत भरता येतात. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून आयटी रिटर्नमध्ये कमी दिसतं, पण इथं ते दाखवावंच लागतं. कारखान्याची ऊसबिलं आणि ज्या खात्यात ती जमा होतात त्याची स्टेटमेंट जुळली पाहिजेत. सातबारा आणि आठ-अ यांचं इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं.

सातबाऱ्यावर चार चुलत्यांची नावं सामाईक असतील, तर पूर्ण गटाची किंमत लिहू नका, आपल्या हिश्श्याचीच लिहा आणि हिस्सा किती ते सांगा. हायवेकडेच्या जमिनीला दलाल सांगेल तो आकडा टाकला तर कागदावर घर करोडपती होतं आणि गरज शून्यावर येते. रेडी रेकनर आणि आसपासच्या खरेदीखतांचा आधार घ्या. ही जमीन विकली तर घराचं उत्पन्नच थांबतं, हे विशेष परिस्थितीच्या रकान्यात साध्या शब्दांत लिहा. तिकडच्या अधिकाऱ्याला ऊस, कारखाना, बिलाचे हप्ते यांतलं काही माहीत नसतं. विद्यापीठाच्या वेबसाइटवरचं, मदत वजा जाता खर्च सांगणारं नेट प्राइस कॅल्क्युलेटर वापरून खूश होऊ नका. बहुतेक ठिकाणी ते अमेरिकन नागरिकांसाठीच असतं.

कर्जाच्या बाबतीत वेगळाच पेच. “चार एकर आहेत की” असं म्हणून बँकेत गेलं तर शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारण म्हणून सहसा घेत नाहीत. २००२ च्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, त्यामुळं बँकेला कोर्टात न जाता ती जप्त करून विकता येत नाही. एनए प्लॉट, फ्लॅट, मुदतठेव चालते. आय-२०, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं ते प्रमाणपत्र, मिळवायला निदान पहिल्या वर्षाचा खर्च हाताशी असल्याचा पुरावा लागतो, तोही बँकेच्या पत्रानं किंवा कर्जमंजुरीच्या पत्रानं. पतसंस्थेतली ठेव कितीही मोठी असली तरी पतसंस्था म्हणजे बँक नव्हे; रक्कम वेळेत बँकेत वळवा. फी पाठवताना कर्जातून गेलेल्या पैशावर टीसीएस, म्हणजे पैसे पाठवतानाच बँक घेते तो कर, लागत नाही. स्वतःच्या पैशातून वर्षाला १० लाखांच्या वर गेलं की लागतो. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर अडकून राहतो.

आणि शिष्यवृत्ती? राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीचं नाव इथं प्रत्येकाच्या तोंडी येतं. ती अनुसूचित जातीतल्या विद्यार्थ्यांना पदव्युत्तर आणि पीएचडीसाठी आहे. बारावीनंतरच्या बीएफएला ती लागू नाही, तेव्हा ती धरून ईडी ठरवू नका. एमएफएच्या वेळी जरूर बघा.

पोर्टफोलिओ

रंकाळ्यावरचा सूर्यास्त, ड्रोनमधून पन्हाळा, स्लो मोशनमध्ये कुस्तीची माती. हे शॉट सुंदर असतात आणि विद्यार्थ्याबद्दल काहीच सांगत नाहीत. उद्यमनगरच्या फाउंड्रीत साच्यात धातू ओततानाची दहा सेकंदांची शांतता, गूळ मार्केटमधला सौदा, चप्पल शिवणाऱ्या बाईच्या हातांचा आवाज यांत बघणाऱ्याची नजर कळते. मर्यादा पाच मिनिटांची असेल तर साडेचार मिनिटांत संपवा. नावं, लोगो, धूर यांत पहिली वीस सेकंदं घालवू नका.

तांत्रिक चुका त्याच त्या. ऐकू येत नसलेला संवाद पहिल्या नंबरवर. मोबाईल कॅमेऱ्यावरच आवाज घेतला की मागून जाणाऱ्या केएमटी बसचा हॉर्न संवाद खातो. कॉलर माईक लावा, किंवा दुसरा मोबाईल बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून रेकॉर्ड करा आणि टाळी वाजवून जुळवा. हिंदी गाणं पार्श्वसंगीताला टाकू नका, हक्कांचा प्रश्न येतो. इंग्रजी सबटायटल चित्रातच कायमची बसवा, एका वेळी दोन ओळींहून जास्त नको. ‘नादखुळा’चं भाषांतर करायच्या फंदात न पडता प्रसंगाचा अर्थ द्या. तुम्ही नक्की काय केलं, दिग्दर्शन, कॅमेरा की संकलन, ते स्पष्ट लिहा. मित्रानं एडिट केलेलं स्वतःच्या नावावर खपवलं तर पुढच्या लेखी प्रश्नांत उघडं पडतं.

दहा मिनिटांची फिल्म १० एमबीपीएसनं एक्स्पोर्ट केली तर साधारण ७५० एमबीची होते. ५ एमबीपीएस अपलोडला २० मिनिटं लागतात, तीही वीज आणि नेट टिकलं तर. शेवटच्या रात्री हे करू नका.

कॉमन ॲपमध्ये दहा उपक्रम लिहिता येतात, प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं. तालीम मंडळाचा सजीव देखावा बसवला असेल, तर तो संहिता, प्रकाश, ध्वनी आणि पंधरा हौशी नटांचं दिग्दर्शन आहे. ‘फेस्टिव्हल व्हॉलंटिअर’ असं लिहून त्याची माती करू नका.

एजन्सीच्या सेवेबद्दल

शहरातल्या परदेशी शिक्षणाच्या बहुतेक सल्ला केंद्रांचं उत्पन्न ज्या विद्यापीठांशी करार आहे त्यांच्या कमिशनवर चालतं. वर परीक्षण केलेली निवडक अमेरिकन विद्यापीठं सहसा कमिशन देत नाहीत. म्हणून टिशबद्दल विचारायला गेलेला मुलगा ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाचं ब्रोशर घेऊन बाहेर पडतो. व्हिसाचा डीएस-१६० फॉर्म, बँकेची पत्रं यांसाठी केंद्राची मदत घ्यायला हरकत नाही. ईडीसाठी पैसे मोजण्याआधी तीन गोष्टी विचारा: सीएसएस प्रोफाइल स्वतः भरलाय का, सामाईक सातबारा कसा दाखवायचा, आणि मदत अपुरी पडली तर ईडीतून सुटायला कुठले कागद लागतात. तिसऱ्या प्रश्नाला “तशी वेळच येणार नाही” असं उत्तर आलं तर चहा पिऊन उठा.

निबंध लिहून देण्याचं पॅकेज कुणी पुढं केलं तर ते नाकारा. ६५० शब्दांचा तो निबंध आणि मुलाचं रोजचं इंग्रजी यांतली तफावत भाषेच्या परीक्षेच्या गुणांवरून लगेच कळते.

ईडीत प्रवेश मिळाला की करायची कामं थोडी आहेत, पण त्याच आठवड्यात करायची. आधी मदतीचं पत्र वाचा, पूर्ण चार वर्षांचा हिशेब घाला, शंका असेल तर अनामत भरायच्या आत आर्थिक मदत कार्यालयाला लिहा. पटलं की अनामत भरा. मग बाकीच्या प्रत्येक पोर्टलवर जाऊन अर्ज मागं घ्या; जिथं तसं बटण नाही तिथं नाव, जन्मतारीख आणि अर्ज क्रमांक देऊन दोन ओळींचा ईमेल पुरतो. त्याची एक प्रत कॉलेजात सही करणाऱ्या सरांनाही पाठवा.